वजन उतरलं, पण मशीन फॅट वाढलेलं दाखवतंय

"ताई, वजनाबरोबर फॅटही दाखवणाऱ्या घरच्या मशीनवर फॅटचा टक्का रोज वेगळा येतो, खरा कुठला धरायचा?" हा प्रश्न आजकाल माझ्याकडे खूप येतो, म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

२७ वर्षांची, पुण्यात आयटीत नोकरी, उंची १५४ सेंटीमीटर. पहिल्याच दिवशी पर्समधून एक वही काढून तिनं माझ्यासमोर ठेवली. प्रत्येक पानावर चार रकाने, उठल्यावर, आंघोळीनंतर, जिमहून आल्यावर, झोपताना. तीन महिन्यांत वजन ५६ वरून ५२ वर आलं होतं आणि फॅट मात्र ३१ वरून ३३ वर गेलेलं, हे सांगताना तिला रडूच आलं. म्हणाली मी इतकं उपाशी राहते आणि चरबीच वाढतेय म्हणजे माझ्या शरीरातच काहीतरी बिघडलंय ना ताई.

मी विचारलं दिवसभरात पाणी किती पितेस, तर म्हणाली फार कमी, पाण्यानं वजन वाढतं ना. तिथंच अर्धी गाठ सुटली. हे मशीन चरबी मोजतच नाही गं. एका पायातून बारीकसा करंट सोडतं, दुसऱ्या पायातून घेतं आणि वाटेत अडथळा किती आला ते बघतं. स्नायूंमध्ये पाणी असतं, त्यातून करंट सहज जातो, चरबीतून जात नाही. मग उंची, वय, स्त्री की पुरुष हे घालून आतला फॉर्म्युला अंदाज बांधतो. अंगात पाणी कमी असलं की अडथळा वाढतो आणि मशीनला वाटतं चरबी वाढली. शिवाय करंट मुख्यतः पायांतून फिरतो, पोटाचा आकडा तर बराचसा अंदाजच असतो.

मग वहीतला एक दिवस उघडून दोघींनी हिशोब केला. सकाळी ३४.२, रात्री ३०.९. फरक ३.३ टक्के, म्हणजे ५२ किलोवर १.७ किलो. तेवढी चरबी खरंच जाळायची तर साधारण १३ हजार कॅलरी लागतात आणि ही बाई दिवसाला १२०० खात होती. मी म्हटलं, एका दिवसात एवढी चरबी कुठे गेली? ती बराच वेळ वहीकडेच बघत बसली, मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी मशीनला घाबरून पाणी सोडलं, आणि पाणी सोडलं म्हणून मशीन घाबरवत होतं."

टेपनं मोजायचा प्रकारही तिनं केला होता, मान, कंबर, नितंब मोजून मोबाईलवर टाकायचं, अमेरिकन नेव्हीचा १९८४ सालचा फॉर्म्युला आहे तो. पण टेप कुठली, तर आईच्या शिलाई मशीनच्या खणातली, वापरून वापरून ताणलेली, आणि कंबर मोजली सलवारच्या नाडीवर. तिच्या मापात कंबरेचे २ सेंटीमीटर चुकले की उत्तर साधारण १ टक्क्यानं हलतं, आणि नीट मोजलं तरी ३-४ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. मी तिला नवीन टेप घ्यायला लावली आणि कंबर कशी मोजायची ते सांगितलं, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. आली ७३. आपल्याकडच्या बायकांसाठी ८०च्या आत हवी आणि उंचीच्या निम्म्याहून कमी, ती दोन्हीत बसत होती.

तिनं कुठंतरी ऐकलं होतं की भारतीय माणूस बारीक दिसला तरी आत चरबी असते. ते खरंच आहे, मी नाकारलं नाही. पुण्याच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं होतं, त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिनांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच, २२.३, पण चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. पण त्याचा अर्थ कंबरेवर लक्ष ठेवा, साखर तपासा, स्नायू टिकवा असा आहे, चार वेळा मशीनवर उभं राहा आणि उपाशी राहा असा नाही.

मला खरी काळजी वेगळीच होती. आकडा वाढला की ती रात्री जेवायची नाही. सख्ख्या बहिणीच्या डोहाळजेवणाला गेली नव्हती, कारण तिथं जेवावं लागलं असतं. आणि दोन महिने पाळी आली नव्हती, हे तिनं उठता उठता, दाराशी सांगितलं. पाळी अशी थांबली तर नुसत्या गप्पांवर थांबायचं नाही, मी त्याच आठवड्यात तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणि आहारतज्ज्ञांकडे पाठवलं.

मशीन मी एकदम बंद नाही केलं. आधी फक्त सकाळचा रकाना ठेवला, मग फक्त रविवार सकाळ, शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, पाय पुसून कोरडे करून. रात्री नऊला मशीनवर उभं राहायची फार ओढ लागायची तेव्हा मशीन आईच्या खोलीत आणि ही गच्चीत, अस्वस्थपणा आधी चढतो मग उतरतो हे तिनं स्वतः घड्याळ लावून बघितलं, पहिल्या दिवशी ४० मिनिटं लागली, तिसऱ्या आठवड्यात १५. तिची आई म्हणायची "अहो मॅडम, फेकूनच देऊ का ते?" मी नको म्हटलं, ते घरात असूनही तिला जेवता यायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. मशीनचा सेल संपला होता आणि ते तिला नऊ दिवसांनी कळलं. नवीन सेल टाकला, आकडा आला ३१.८, वहीत लिहिला आणि बहिणीच्या बाळाच्या बारशाला गेली, तिथं पुरणपोळी खाल्ली. पाळी या महिन्यात आलीय, तारीख लिहून ठेव म्हटलंय, पुढच्या महिन्यात परत भेटतोय.