मार्शमेलो-सीरियलच्या वड्या घरी स्वस्तात कशा करायच्या?

तुम्ही लिहिलंय की लेकीच्या वाढदिवसाला वीसेक मुलं येणार, तिला व्हिडिओत पाहिलेल्या मार्शमेलोच्या (साखरेच्या मऊ, फुगीर गोळ्यांच्या) चिकट-कुरकुरीत वड्याच हव्यात, पण सीरियलचा, म्हणजे नाश्त्याला खातात त्या फुललेल्या तांदळाचा, महागडा डबा परवडत नाही आणि पाचोऱ्यात तो मिळतही नाही. डब्याचा विचार सोडून द्या. फुटाणेवाल्याकडचे मुरमुरे घ्या. मी भुसावळची. आमच्या घरी या वड्या मुरमुऱ्यांच्याच होतात आणि ताट रिकामं व्हायला वेळ लागत नाही.

हा पदार्थ मुळात स्वस्तातलाच आहे. १९३९ साली अमेरिकेत केलॉग्ज कंपनीच्या मिल्ड्रेड डे आणि मलिटा जेन्सन यांनी तो तयार केला. कॅम्प फायर गर्ल्स या मुलींच्या संस्थेला तो विकून निधी जमवायचा होता. त्यामुळे साहित्य तीनच: तांदळाचं फुललेलं सीरियल, लोणी आणि मार्शमेलो. यात खर्च करण्यासारखी वस्तू एकच, मार्शमेलो. बाकी सगळं आपल्या घरातलं चालतं.

मुरमुरे घेताना आधी दोन दाणे तोंडात टाकून बघा. भडंगाचे जाड, खारट मुरमुरे नकोत; पातळ, हलके आणि अळणी हवेत. आणि वजनावर जाऊ नका, मापाने घ्या. मुरमुऱ्यांचा एक कप जेमतेम १५ ग्रॅम भरतो, सीरियलचा जवळजवळ दुप्पट. म्हणजे इंटरनेटवरच्या कृतीतलं वजन धरून मुरमुरे मोजलेत तर ढीगभर मुरमुरे होतील आणि त्यांना धरायला मार्शमेलो पुरणार नाही.

वीस मुलांसाठी माप असं धरा: मुरमुरे दीड लिटरच्या पातेल्यात सैल भरतील तेवढे (साधारण ९० ग्रॅम), मार्शमेलो २८० ग्रॅम, लोणी ४५ ग्रॅम. लोण्याऐवजी घरचं तूप घातलं तरी चालतं, फक्त जरा कमी घ्या, कारण लोण्यात पाणी असतं आणि तुपात नसतं. विकतच्या सीरियलमध्ये मीठ, साखर आणि माल्ट (मोड आलेल्या धान्याचा गोडसर अर्क) आधीच असतं, मुरमुऱ्यांत यातलं काही नाही. म्हणून दोन चिमूट मीठ आणि असेल तर थोडं व्हॅनिला घाला. मीठ विसरलात तर वडी नुसती गोडमिट्ट लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुरमुरे आधी कोरडेच भाजा, जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, हलवत हलवत. रंग बदलू द्यायचा नाही. एक दाणा थंड करून बोटांत चुरडा. कट्‌कन तुटून त्याचा भुगा झाला पाहिजे. नुसता दबला तर अजून भाजा. पावसाळ्यात तर हे केल्याशिवाय पुढे जाऊच नका. सादळलेले मुरमुरे गरम मार्शमेलोत पडले की लगेच मऊ पडतात, आणि मग ती वडी कुरकुरीत होणं शक्य नाही.

भाजलेले मुरमुरे परातीत काढून ठेवा. त्याच कढईत लोणी वितळवा, मार्शमेलो घाला आणि आच अगदी बारीक करा. इथे घाई करू नका. आच मोठी झाली की मार्शमेलोतलं पाणी उडतं, साखरेचा पाक पुढे जातो आणि थंड झाल्यावर वडी दाताला दगड लागते. शेवटचे एक-दोन गोळे अर्धवट दिसत असतानाच गॅस बंद करा, कढईच्या उष्णतेवर ते विरघळतात. मीठ, व्हॅनिला घालून ढवळा, मुरमुरे ओता आणि तूप लावलेल्या उलथण्याने खालून वर घ्या. दाणे मोडू देऊ नका.

बारा इंची स्टीलच्या ताटाला तूप लावून मिश्रण त्यात पसरा. दोन मिनिटं थांबा, मग तुपाच्या हाताने हलकंच सारखं करा. आपल्याला चिक्की थापायची सवय असते, वाटीच्या बुडाने दाबून दाबून. इथे तसं केलंत तर वडी घट्ट होते. अर्ध्या-पाऊण तासाने तूप लावलेल्या सुरीने दीड-दीड इंचाच्या वड्या पाडा, तीसच्या आसपास होतील. ढवळायला मुलांना घेऊ नका, हा पाक कातडीला चिकटतो आणि खोल भाजतो. सुट्टे मार्शमेलोही अगदी लहान मुलांच्या हाती देऊ नका, घशात अडकतात.

आपल्या जळगाव जिल्ह्यातली एक गंमत यात घालून बघाच. केळीचे खारे वेफर्स हाताने जाडसर चुरून मूठभर वरून दाबा. गोडाच्या मध्येच तो खारट कुरकुरीत तुकडा आला की मोठी माणसंसुद्धा दुसरी वडी मागतात. सीरियलसारखं दिसायला हवं असेल तर थोड्या मुरमुऱ्यांच्या जागी साधे कॉर्नफ्लेक्स घाला, तेवढ्याने खर्च फार वाढत नाही.

मार्शमेलो केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. पाकीट उलटून बघा. बहुतेकांत जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. येणाऱ्या मुलांत शाकाहारी घरातली मुलं असतील तर हिरव्या ठिपक्याचंच पाकीट आणा आणि नसेल तर त्यांच्या आयांना आधी सांगा. हे न सांगता खाऊ घालणं मला पटत नाही. हिरव्या ठिपक्याचे काही मार्शमेलो नीट वितळत नाहीत, म्हणून वाढदिवसाच्या आधी चार-पाच वितळवून पाहा. मार्शमेलो घरी करणं जमतं, पण त्याला इलेक्ट्रिक बीटर आणि पाकाचं तापमान मोजायचा थर्मामीटर लागतो. तेवढ्यासाठी ते विकत घेऊ नका.

मार्शमेलो मिळालेच नाहीत तर गुळाचा गोळीबंद पाक करून मुरमुरे आणि भाजलेले शेंगदाणे घाला, चौकोनी वड्या थापा. छान कुरकुरीत होतात. पण त्या ताणल्या जात नाहीत, आणि लेकीला ती तार ओढायचीच हौस असेल, तेव्हा तिला आधीच सांगून ठेवा.

वड्या आदल्या संध्याकाळी करा, दुपारच्या उन्हात नको. आपल्याकडच्या मे महिन्यात त्या एकमेकींना चिकटतात. थरांमध्ये बटर पेपर घालून घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेरच ठेवा. फ्रिजमध्ये ठेवल्या तर कडक होतात.