वाचकांचे प्रश्न : घरातल्या आणि अंगणातल्या मुंग्या

प्रश्न : ओट्यावर बारीक मुंग्यांची रांग लागते. स्प्रे मारला की दोन-तीन दिवस दिसत नाहीत, मग नव्याच दोन जागांतून रांगा सुरू होतात. असं का?

उत्तर : ओट्यावर दिसतात त्या फक्त अन्नाच्या शोधात बाहेर पडलेल्या कामकरी मुंग्या. राणी, अळ्या आणि बाकीची बरीचशी वसाहत भिंतीच्या फटीत किंवा फरशीखाली असते. स्प्रे तिथवर पोचत नाही. शिवाय काही बारीक घरगुती जातींत एका वसाहतीत अनेक राण्या असतात. उग्र औषधाचा त्रास झाला की त्यातली एखादी राणी थोड्या कामकरी मुंग्या आणि अळ्या घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड थाटते. म्हणजे स्प्रेने वसाहत संपण्याऐवजी तिच्या दोन-तीन होतात.

उपाय आमिषाचा. मुंग्या पोटात साठवलेलं पातळ अन्न तोंडातून एकमेकींना भरवतात, त्यामुळे हळू मारणारं विष त्या स्वतःच राणीपर्यंत नेतात. अर्धा लिटर गरम पाण्यात 50 ग्रॅम साखर आणि 5 ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवा. बोरिक पावडर वजन करूनच घ्या. जास्त टाकली तर लवकर गुण येईल असं वाटतं, पण होतं उलटं : मुंग्या चव ओळखून टाळतात, किंवा वारुळात पोचण्याआधीच मरतात. प्रमाण सुमारे एक टक्का, त्याहून जास्त नको.

कापसाचा बोळा या पाण्यात भिजवून बाटलीच्या झाकणात ठेवा आणि झाकण रांगेच्या अगदी कडेला सरकवा. पहिल्या दिवशी मुंग्या कमी होण्याऐवजी भरपूर वाढतील. घाबरून तिथे स्प्रे मारू नका, रांगही पुसू नका. त्या वाटेवरच्या वासामुळेच बाकीच्या आमिषापर्यंत येतात. बोळा वाळला तर मुंग्या त्याकडे फिरकत नाहीत, म्हणून रोज पाहा. तीन-चार दिवसांनी पाणी आंबतं, तेव्हा ताजं भरा. मोठी वसाहत संपायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. ये-जा पूर्ण थांबल्यावरच वाट साबणाच्या पाण्याने पुसा आणि फट सिलिकॉन सीलंट किंवा पांढऱ्या सिमेंटने बुजवा. फट आधी बुजवली तर मुंग्या दुसरीकडून बाहेर पडतात आणि आमिष जागच्या जागी पडून राहतं.

गोडाकडे मुंग्या वळल्याच नाहीत तर कागदाच्या एका टोकाला साखरपाण्याचा थेंब आणि दुसऱ्या टोकाला थोडं पीनट बटर ठेवून तासाभराने पाहा. वसाहतीत अळ्या वाढत असतील तर प्रथिनं आणि तेलाची ओढ जास्त असते. अशा वेळी त्या प्रकारचं तयार आमिष घ्या.

बोरिक पावडर पोटात गेली तर माणसाला आणि जनावरालाही विषारी आहे. रांगतं मूल, कुत्रा किंवा मांजर असेल तर आमिष उघडं ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डबीला सळईने बारीक भोकं पाडून, ओला बोळा आत घालून, ती हात पोचणार नाही अशा जागी चिकटवा. उरलेल्या पाण्याच्या बाटलीवर ठळक अक्षरांत ‘विष’ लिहा. खाण्यापिण्याच्या वस्तूंजवळ ती ठेवू नका.

प्रश्न : रवा खाल्ला की तो पोटात फुगून मुंग्या मरतात, हे खरं का?

उत्तर : नाही. पूर्ण वाढलेल्या मुंगीला घन कण गिळताच येत नाही, ती फक्त द्रव पिते. घन अन्न ती अळ्यांना देते आणि अळ्या ते पचवतात. रवा टाकणं म्हणजे वसाहतीला जेवण घालणं. हळद, दालचिनी किंवा व्हिनेगरने रांग तेवढी मोडते, वसाहतीला काही होत नाही.

प्रश्न : अंगणातल्या झाडावर सतत मुंग्या चढतात आणि पानं चिकट झाली आहेत.

उत्तर : मूळ कारण मुंग्या नाहीत, पानामागचा मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे. हे किडे गोड चिकट स्राव सोडतात. तो मिळावा म्हणून मुंग्या त्यांची राखण करतात, मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. त्यामुळे दोन्हीकडून काम करावं लागतं.

एक लिटर पाण्यात 5 मिली सौम्य द्रव साबण मिसळून, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला नीट भिजेल असं फवारा. आधी दोन-चार पानांवर करून एक दिवस थांबा. पानं करपली नाहीत तरच सगळीकडे फवारा आणि आठवड्याने पुन्हा करा. खोडाला 10 सेंटीमीटर रुंदीची पट्टी गुंडाळून तिच्यावर कीड पकडायचा चिकट लेप लावा. लेप थेट सालीवर नको, साल खराब होते. पट्टीखालच्या सालीच्या खाचांत कापूस दाबा, नाहीतर मुंग्या खालून निघतात. भिंतीला किंवा कुंपणाला टेकलेली एक फांदी राहिली तरी सगळी मेहनत वाया जाते. लेपावर धूळ बसली की तो नव्याने लावा.

कुंडीत वारूळ झालं असेल तर कुंडी काठापर्यंत पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा. कोरडी राहणारी माती मुंग्यांना आवडते, तेव्हा पाणी देण्याकडेही लक्ष द्या.

मोकळ्या जागेतल्या वारुळावर उकळतं पाणी ओतायचं तर 8–10 लिटर लागतं. तरीही राणी खोल असली तर वाचते, आणि जवळच्या झाडांची मुळं मात्र मरतात. चावऱ्या नसतील आणि वाटेत नसतील तर त्या मुंग्यांना राहू द्या. त्या माती भुसभुशीत करतात, वाळवी आणि अळ्या खातात.

प्रश्न : स्विचबोर्डमध्ये मुंग्या शिरल्या आहेत. आत औषध फवारू का?

उत्तर : मुळीच नाही. ओल्या फवाऱ्याने शॉर्टसर्किट होऊ शकतं, काही स्प्रे पेटही घेतात. बोर्डाबाहेर, मुंग्या शिरतात त्या ठिकाणी आमिष ठेवा. बटणं अडकत असतील तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड उघडून साफ करून घ्या.

प्रश्न : दाराजवळ पंख असलेले किडे निघाले. मुंग्या की वाळवी?

उत्तर : एक किडा भिंगाखाली पाहा. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब असतात. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ, चारही पंख सारख्या लांबीचे. वाळवी निघाली तर साखरपाण्याच्या आमिषात वेळ घालवू नका. चौकट, कपाटं आणि लाकूडकाम लगेच जाणकाराला दाखवा.