पेजवर टाकायच्या आधी

पोरी,

आज रात्री इन्स्टा पेजवर काही टाकू नकोस. कॉलेजवाले गप्प बसलेत, लैंगिक अत्याचार झालेल्या त्या पोरीला पोलीस स्टेशनवरून हद्द आमची नाही म्हणून परत पाठवलं, म्हणजे राग येणारच, मलापण आलाय. पण तू पाठवलेल्या ड्राफ्टमध्ये तिचं नाव नाही एवढंच, बाकी सगळं आहे बघ, कुठल्या तालुक्यातली, कुठल्या वर्गातली, सकाळी कुठल्या बसने येते. बेळगावात एवढं पुरतं गं. खानापूर साईडच्या एका गावातून बी.कॉम.ला येणाऱ्या पोरी असतात किती? संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर नाव फुटतं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरचे तिचं कॉलेज बंद करतात.

सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये निपुण सक्सेना केसमध्ये हेच सांगितलंय, नाव तर छापायचंच नाही, पण जिच्यावरून ती ओळखू येईल अशी माहितीपण द्यायची नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि इन्स्टा पेज चालवणारी स्टुडंट आहे म्हणून तू त्यातून सुटणार नाहीस. तिने स्वतः लेखी परवानगी दिली तर गोष्ट वेगळी, पण या आठवड्यात तू ती मागूच नकोस. आत्ता ती कशालाही हो म्हणेल.

आता पोलिसांचं. हद्दीचं कारण चालत नाही. आपल्याकडे शिनोळी ओलांडली की चंदगड, कोगनोळी ओलांडली की कागल, म्हणजे महाराष्ट्र, रोज हजारो पोरं या बॉर्डरवरून ये-जा करतात, घटना कुठल्याही बाजूला घडलेली असू दे, समोरच्या स्टेशनला झिरो एफआयआर घ्यावीच लागते आणि मग ती योग्य स्टेशनला पाठवायची जबाबदारी त्यांची. १ जुलै २०२४ पासून हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. जबाब महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायचा. इथे तो कन्नडमध्ये लिहिला जाणार, त्याला इलाज नाही, पण सहीच्या आधी वाचून दाखवायला पाहिजे असं त्याच कलमात आहे, म्हणून तिला सांग की मराठीत समजावून सांगितल्याशिवाय सही करू नकोस. मी कोर्टाच्या बातम्या करायचे तेव्हा उलटतपासणीत हाच घोळ बघितलाय, पोरगी सांगते एक आणि कागदावर असतं भलतंच. एफआयआरची कॉपी फुकट मिळते. नाहीच घेतली तर लेखी तक्रार पोस्टाने एसपींकडे, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे. अशी तक्रार न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यालाच सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे (न्याय संहितेचं कलम १९९), हे शांतपणे बोलून दाखवलं तरी बरेचदा पेन बाहेर निघतं.

हॉस्पिटलला एफआयआरची वाट बघू नका. सरकारी असो की प्रायव्हेट, उपचार लगेच आणि फुकट करायलाच पाहिजेत. तपासणी तिच्या संमतीनेच. टू फिंगर टेस्ट, म्हणजे बोटं घालून करायची ती तपासणी, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये पुन्हा ठामपणे बंद केलीय, कुणी करतो म्हटलं तर सरळ नाही म्हणायचं. कपडे धुवू नका, कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको.

अजून एक भीती वाटते मला. ज्याने हे केलं तो कुठल्या भाषेचा हे कळलं की इथे विषयच बदलतो. दोन्हीकडचे झेंडे घेऊन लोक येतील, तुझ्या पोस्टखाली मराठी विरुद्ध कन्नड सुरू होईल आणि तिचं काय झालं हे विचारायला कुणी उरणार नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये बेळगावजवळच्या वंटमुरीत विवस्त्र करून मारहाण झालेल्या त्या बाईंच्या वेळी भेटायला येणाऱ्यांची एवढी रीघ लागली की कर्नाटक हायकोर्टाला सांगावं लागलं, डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय कुणी हॉस्पिटलमध्ये भेटायचं नाही. तेव्हा चीफ जस्टिस होते ते आपल्या निपाणीचेच, प्रसन्न वराळे.

मग तू लिहायचं काय? कॉलेजचं लिही की. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती पाहिजे, मॅटर विद्यार्थ्यांचं असेल तर त्यात विद्यार्थी प्रतिनिधी पाहिजेत, चौकशी ९० दिवसांत संपायला पाहिजे. आपल्या कॉलेजात ती आहे का, मेंबर कोण, बोर्डावर नावं लावलीत का, शेवटची मीटिंग कधी झाली, हे प्रिन्सिपलना लेखी विचार आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं छाप, उत्तर नाही आलं तर तेही छाप. फक्त टायमिंग सांभाळ. तिची तक्रार आत गेली त्याच आठवड्यात हे टाकलंस तर लोक दोन आणि दोन चार करतील. आणि तिने समितीकडे जायचं असेल तर तीन महिन्यांची मुदत असते, पोलीस केस चालू असली तरी दोन्ही एकदम चालतं, आधी इकडे मग तिकडे असं काही नाही, स्टाफरूममध्ये कुणी असं सांगितलं तर ऐकू नका.

उद्या स्टेशनला जाताना दोन्ही भाषा येणारं कुणीतरी सोबत लागेल. मला येतात. तिला विचार, मी आलेलं चालेल का, आणि हो म्हणाली तर सकाळी नऊच्या आत फोन कर.

तुझी मावशी