जग्वार ई-टाईप कूपे (१९६१) की होंडा एनएसएक्स (१९९०): संग्रहासाठी कोणती?

दर रविवारी चालवणार असाल तर एनएसएक्स. गॅरेजचं दार उघडून नुसती बघत बसणार असाल तर ई-टाईप. जपानी गाडीची बॉडी पूर्ण अ‍ॅल्युमिनियमची, त्यामुळे लोखंडासारखा गंज नाही. ३ लिटरचं व्ही-सिक्स (सहा सिलिंडरचं) इंजिन सीटच्या पाठीमागे, आणि क्लच अगदी माणसाळलेला. ब्रिटिश ई-टाईपच्या रूपाला मात्र तोड सापडणार नाही. पण दाराखालचे पत्रे आतून सडतात, वरून रंग चकचकीत दिसला तरी फसू नका. सुरुवातीच्या ३.८ लिटर गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर खरखर न करता पडावा म्हणून असलेली रचना) नाही; १९६४ नंतरची ४.२ लिटर घेतलीत तर तो त्रास टळतो. एक मात्र आहे: एनएसएक्स ठोकलेली निघाली तर अ‍ॅल्युमिनियमचं काम प्रत्येक गॅरेजवाल्याला जमत नाही. ई-टाईपचे पत्रे अजूनही नवे मिळतात.