राउटर वारंवार जळत असेल तर आधी वीजजोडणी तपासून घ्या

आपण लिहिले आहे की गावातील किराणा दुकानात वर्षभरात दोन राउटर आणि एक प्रिंटर जळाला, तालुक्याचा दुरुस्ती करणारा प्रत्येक वेळी नवीन वस्तू घ्यायला सांगतो, आणि आता अधिक महागाची यंत्रे घ्यावीत का, असा प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत असे की तूर्त काहीही विकत घेऊ नये. निरनिराळी यंत्रे एकाच जागी जळत असतील, तर दोष बहुधा त्या जागेच्या वीजजोडणीत असतो. म्हणून संगणकवाल्याच्या आधी परवानाधारक वायरमनला बोलवावे.

त्याच्याकडून मल्टीमीटरने फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार), फेज आणि अर्थ (जमिनीत गाडलेली सुरक्षेची तार), तसेच न्यूट्रल आणि अर्थ अशी तीन मापे घ्यावीत, आणि तीही दुपारी एकदा व शेतीपंप सुरू असताना पुन्हा एकदा. पहिले माप 230 व्होल्टच्या आसपास असावे. शेवटच्या मापात चार-पाच व्होल्टांहून अधिक फरक सतत दिसत असेल, तर न्यूट्रलचा जोड सैल आहे किंवा अर्थिंग निकामी झाले आहे, असा संशय घ्यावा. यात न्यूट्रल सुटणे सर्वांत घातक असते, कारण डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, तो सुटला की ज्या फेजवर भार कमी आहे तेथील घरांत व्होल्टेज 300 च्याही वर जाऊ शकते आणि त्याच वेळी दुसऱ्या फेजवरचे दिवे मिणमिणू लागतात. शेजाऱ्यांकडेही दिवे असे कमी-जास्त होत असतील, तर दोष आपल्या दुकानाबाहेरचा आहे. अशा वेळी वीज कंपनीच्या 1912 या क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा, शिवाय शेजाऱ्यांच्या सह्यांसह लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. खांबावरचे काम लाईनमननेच करावे. गावातल्या हौशी माणसाला कृपा करून वर चढवू नये.

अर्थिंगकडे तर आपल्याकडे फारच दुर्लक्ष होते. मुरमाड किंवा कातळ जमिनीत कोळसा आणि मीठ घालून केलेला खड्डाही उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यामुळे त्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. खड्ड्यापासून बोर्डापर्यंतची तार अखंड आहे का, आणि तीन पिनांच्या प्लगला टू-पिन लावून अर्थची पिन मोकळी तर सोडलेली नाही ना, हे अवश्य पाहावे. अर्थिंग नसेल तर सर्ज (व्होल्टेजची अचानक उसळी) रोखणाऱ्या महागड्या पट्टीचाही पूर्ण उपयोग होत नाही. न्यूट्रललाच अर्थ जोडून देण्याची पळवाट कोणी सुचवली तर ठाम नकार द्यावा, कारण तो न्यूट्रल सुटला की यंत्राच्या धातूच्या पेटीतच वीज उतरते.

दुकानातून घरापर्यंत उघड्यावरून तांब्याची नेटवर्क केबल नेली असेल, तर जवळपास वीज कोसळल्यावर तिच्यातूनही राउटर जळू शकतो. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, म्हणून असे अंतर ऑप्टिकल फायबरने जोडावे. मात्र त्यात आधाराला पोलादी तार नसावी. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आभाळ भरून येताच, म्हणजे गडगडाटाच्या आधी, प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवावीत.

संगणक इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टरचे बटण यूपीएस मोडवर ठेवावे. साध्या मोडमध्ये तो फार कमी-जास्त व्होल्टेजही तसेच पुढे जाऊ देतो. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नये.

आता दुरुस्ती करणाऱ्याविषयी. माप न घेता निदान सांगणारा, काढलेला भाग परत न देणारा, किंवा उधारीचे हिशेब दुसरीकडे उतरवून न घेताच संगणक फॉरमॅट करायला बसणारा माणूस टाळावा. त्याचबरोबर त्याची अडचणही समजून घ्यावी: तपासणीचे पैसे कोणी देत नाही, वस्तू विकली तरच चार पैसे सुटतात, म्हणून तो नवीन घ्यायला सांगतो. पहिल्याच भेटीत तपासणीचे व येण्याजाण्याचे शुल्क ठरवावे, आणि एकही भाग बदलला नाही तरी ते पूर्ण द्यावे.