पहिलं काळजीचं कार्ड करताना

काळजीचं कार्ड म्हणजे दमलेल्या, खचलेल्या माणसाला धीर द्यायला हाताने केलेलं कार्ड. त्यात आधी मजकूर, मग चित्र. नवीन मंडळी नेमकं उलटं करतात. फुलं, चमकी, रिबीन सगळं चिकटवून झालं की 'सकारात्मक राहा' एवढं लिहायला बोटभर जागा उरते. आणि दमलेल्या माणसाला सकारात्मक राहा सांगणं हा शुद्ध उपदेश झाला! त्यापेक्षा 'आज भांडी तशीच राहू देत, तू जरा पड' असं लिहा. कार्ड कोणाला द्यायचंय ते आधी ठरवा आणि त्या व्यक्तीशी बोलता तसंच लिहा. 'उत्तर नाही दिलंस तरी चालेल' हे वाक्य तर मी हमखास टाकते.

सामानाचं थोडक्यात:
- २५० जीएसएमचा (चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाडसर) मॅट कार्डपेपर. ग्लॉसीवर जेलपेन फिसकटतं.
- ए४चे दोन तुकडे करून प्रत्येकाची मधोमध घडी घाला. असं कार्ड सी६ मापाच्या (ए४च्या चौथाई आकाराच्या कार्डासाठीच्या) पाकिटात व्यवस्थित बसतं.
- घडीआधी पट्टी लावून संपलेल्या रिफिलने रेघ दाबून घ्या, नाहीतर घडीवर कागद फुटतो.
- रंग दोन, फार तर तीन.

कटिंग मशीन, फॉइल वगैरे आत्ता अजिबात घेऊ नका. पाच-सहा कार्डं करा आणि खरंच देऊन टाका, कपाटात साठवू नका. देण्याआधी शुद्धलेखन मात्र दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या.