एअर रायफलवर जास्त फीचर्सवाला स्कोप घ्यावा की साधा?

भाऊ, तुम्ही विचारलं की .177 (4.5 मिमी छर्‍याच्या) स्प्रिंगवाल्या रायफलवर लाल-हिरव्या लाईटचा 6-24×50 स्कोप (6 ते 24 पट झूम, पुढचं भिंग 50 मिमी) घेऊ का साधा 4×32 (कायम 4 पट, भिंग 32 मिमी), किंमत जवळपास सारखीच. साधा घ्या. मी उलटं करून पस्तावलोय.

काटोलकडं आमचं वावर आहे, संत्र्याच्या बगीच्यामागं मातीचा ढीग, त्याच्यापुढं कागद लावून मारतो. पहिला स्कोप घेतला तो असाच, झूम, लाईट, वर मोठमोठे टरेट (नेम जुळवायची फिरती बटणं). पंधरा दिवस मस्त चालला अन् मंग झीरो, म्हणजे जुळवून ठेवलेला नेम, हलायला लागला, आज डावीकडं दोन बोटं, उद्या वर, मी छर्‍यांना, बॅरलला, स्वतःच्या हाताला सगळ्यांना दोष दिला, शेवटी स्कोप काढून कानाशी हलवला तर आत खुळखुळ.

एअर रायफलला कसला आलाय झटका असं आपल्याला वाटते. पण स्प्रिंगवालीत पिस्टन पुढं सुटला की बंदूक मागं येते, अन् पिस्टन टोकाला जाऊन थांबला की तीच बंदूक पुढं झटकते. बारुदाच्या रायफलचा स्कोप मागच्या धक्क्याचा हिशोब करून बनवतात, हा पुढचा धक्का त्याची भिंगं ढिली करतो, महागडेही जातात यात. म्हणून स्प्रिंगरला चालतो असं कंपनीनं लिहून दिलंय का ते आधी पाहा. झूममध्ये सरकणारी भिंगं जास्त, तेवढ्याच पैशात ती धड बसवणार कुठून? (पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी बंदूक असेल तर गोष्ट वेगळी, तिला झटका नसल्यासारखाच.)

आणि 20 मीटरवर 24 पट झूम करून दिसते काय, तर आपलीच नाडी. मे महिन्यात तर नागपूरच्या उन्हात जमिनीची वाफ दिसते, टार्गेट पाण्यात ठेवल्यासारखं हलते.

एक फीचर मात्र सोडू नका, एओ, म्हणजे पुढची रिंग फिरवून पॅरॅलॅक्स जुळवायची सोय. शिकारी स्कोप बहुतेक 100 यार्डावर फिक्स असतात, आपल्या अंतरावर डोळा जरा सरकला की क्रॉसही सरकतो. 4×32 मध्ये एओवाले मिळतात. माउंट, म्हणजे स्कोप बंदुकीवर धरून ठेवणारी पकड, एकसंध घ्या, खाली स्टॉप पिन (बंदुकीवरच्या भोकात अडकणारी खुंटी) असलेला, नाहीतर मागं सरकतो.

प्रश्नात ससे-तितर म्हणाले तुम्ही, ते डोक्यातून काढा. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे तो, कागदावरच मारा.

घेतल्यावर एक छर्रा मारा, मंग टरेट 20 क्लिक वर, 20 उजवीकडं, 20 खाली, 20 डावीकडं फिरवून त्याच जागी नेम धरून परत मारा, छर्रा पहिल्याच भोकाजवळ आला पाह्यजे. माझा तो जुना कधीच आला नाही. लाईट मात्र त्याची अजून लागते.